शब्द अडकतो तेव्हा

तोतरेपणा बहुतेक वेळा मूल चांगलं बोलायला लागल्यावर सुरू होतो, आणि आईबाप गोंधळतात ते इथेच. दीड वर्षाचा असताना 'मम', 'भूभू', 'बाबा' सगळं नीट म्हणत होता, दोन वर्षांचा झाल्यावर शेजारच्या काकूंना जिन्यात थांबवून गोष्टी सांगत होता, आणि आता तिसरं लागल्यावर "आ-आ-आ-आई" कुठून आलं? काही मुलांमध्ये हे हळूहळू येतं, पण बऱ्याच मुलांमध्ये दोन-चार दिवसांत सुरू होतं, कधी तर एका रात्रीत. मग घरात शोध सुरू होतो. परवा कुत्रा अंगावर आला, त्याने घाबरला असेल. बालवाडीत एक मुलगा तसा बोलतो, त्याचं बघून शिकला. बहीण झाली तेव्हापासूनचं आहे हे. तू ओरडलीस ना त्याच्यावर, त्याचंच हे. शेवटचं वाक्य बहुधा आईला ऐकावं लागतं.

यातलं एकही कारण खरं नाही. खरं काय, ते समजायला आधी बोलण्याची क्रिया जरा जवळून बघावी लागते. साध्या गप्पांत मोठं माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं उच्चारतं. 'पाणी' म्हणायचं तर ओठ मिटायचे, मागे हवा साठायची, ओठ उघडायचे आणि जवळजवळ त्याच क्षणी घशातले स्वरतंतू थरथरू लागायचे. लगेच जीभ वर वळवून 'णी'ची तयारी. हे सगळं सेकंदाच्या शतांश भागांच्या हिशोबाने जुळून यावं लागतं, आणि मेंदू हा हिशोब आपल्या नकळत करत असतो. काही मुलांच्या मेंदूत या वेळेच्या जुळणीत मधूनच चूक होते. मग ओठ मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात: "पा-पा-पा-पाणी". किंवा आवाज सुरू होतो पण पुढच्या अक्षरावर जातच नाही: "म्म्म्म्मला". किंवा ओठ मिटले ते मिटलेच, आवाज नाही, हवाही नाही. या तिसऱ्या प्रकारात बघणाऱ्याला वाटतं, मूल शब्द विसरलं. ते विसरलेलं नसतं. काय म्हणायचंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं, फक्त तो शब्द बाहेर निघत नसतो.

दोन ते पाच हे वय यासाठी नाजूक का, तेही यावरून कळतं. या काळात मुलाची वाक्यं भराभर लांब होतात. 'पाणी दे' वरून 'मी झोपलो होतो ना, तेव्हा तू मला सोडून का गेलीस' इथपर्यंत मूल वर्ष-दीड वर्षात पोचतं. सांगायचं भरपूर, घाई भरपूर, आणि बोलण्याची यंत्रणा अजून कच्ची. शंभरातली साधारण ५ ते ८ मुलं आयुष्यात कधीतरी अडखळत बोलतात. मोठ्यांमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. म्हणजे बहुतेक मुलांचं अडखळणं पुढे थांबतं, अनेकदा काहीही उपचार न करता. मुलींमध्ये ते थांबण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त, म्हणून मोठेपणी अडखळणाऱ्यांत एका बाईमागे चारेक पुरुष दिसतात.

सगळंच अडखळणं तोतरेपणा नसतं, हेही इथेच सांगायला हवं. "आपण ना, आपण ना, आपण उद्या आजीकडे जायचं?" किंवा "मला मला पण पाहिजे" असं प्रत्येक लहान मूल बोलतं. त्यात अख्खा शब्द किंवा अर्धं वाक्य पुन्हा येतं, चेहऱ्यावर ताण नसतो, आणि मूल आपल्याच नादात असतं. तोतरेपणात शब्दाचा तुकडा पुन्हा येतो, तोही तीन-चार वेळा किंवा अधिक. आवाज ओढला जातो, किंवा तोंड उघडं राहून काहीच येत नाही. डोळे मिटले जातात, मान झटकली जाते, पाय आपटला जातो. हे झटके मूळ अडचणीचा भाग नसतात. अडकलेला शब्द सोडवायला मूल काहीतरी करून बघतं, एखादे वेळी त्याच क्षणी शब्द सुटतो, आणि मग शरीर ती युक्ती धरून ठेवतं. पुढे युक्ती काम करेनाशी होते, सवय मात्र राहते.

बोबडं बोलणं हा वेगळाच विषय. 'राम'ला 'लाम' म्हणणाऱ्या मुलाचा उच्चार कच्चा असतो. अडखळणाऱ्या मुलाचा 'र' ठणठणीत असतो, तो फक्त वेळेवर निघत नाही. "त्याला 'प' येत नाही" असं आईबाप सांगतात, पण तोच मुलगा 'कप' आणि 'साप' सहज म्हणतो. अडचण बहुतेक वेळा शब्दाच्या किंवा वाक्याच्या सुरुवातीला येते.

मेंदूच्या चित्रणांमधून आता हे बऱ्यापैकी स्पष्ट झालंय की अडखळणाऱ्या लहान मुलांमध्येही, मेंदूच्या डाव्या बाजूला बोलण्याची आखणी करणारे आणि स्नायूंना हुकूम देणारे जे भाग आहेत, त्यांना जोडणारे तंतू थोडे वेगळे असतात. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. एखाद्या मामाचं किंवा चुलत आजोबांचं नाव निघतं, तेव्हा 'त्याच्यावर गेलाय' हे आजीचं निदान चुकीचं नसतं. २०१० साली अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास करून जीएनपीटीएबी नावाच्या जनुकातला बदल तोतरेपणाशी जोडून दाखवला. हे जनुक पेशीतला टाकाऊ माल मोडून पुन्हा वापरात आणणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. त्याचा बोलण्याशी नेमका संबंध कसा, हा अजून संशोधनाचाच विषय आहे, आणि हा बदल थोड्याच लोकांत सापडतो. पण कुत्रा, ओरडा आणि धाकटी बहीण यांच्यावरचा आरोप मागे घ्यायला एवढं पुरेसं आहे. भीती किंवा दगदग असलेलं अडखळणं वाढवू शकते. मुळात नसलेलं निर्माण करत नाही.

आता एक गोष्ट, जिच्यावरून या मुलांवर सगळ्यात जास्त अन्याय होतो. शाळेत सकाळी सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा म्हणताना हा मुलगा एका शब्दालाही अडखळत नाही. संध्याकाळी 'शुभंकरोति' म्हणताना नाही, गणपतीत आरती म्हणताना नाही, पाढ्यांच्या सामूहिक घोकंपट्टीत नाही. गाणं गाताना नाही. मांजराशी बोलताना तर मुळीच नाही. आणि हजेरीला आपला नंबर आला की 'हजर' एवढा एक शब्द निघत नाही. यावरून घरचे आणि बाई निष्कर्ष काढतात: नाटक करतो, लक्ष वेधून घेतो, तेव्हा बरं जमतं!

पण आजवर जे कळलंय, त्यात हे चपखल बसतं. आपण एकट्याने बोलतो तेव्हा 'आता पुढचं अक्षर' हा इशारा मेंदूला आतून द्यावा लागतो, आणि तोतरेपणात कमकुवत असतो तो हाच आतला इशारा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. समूहात, तालावर किंवा चालीवर बोलताना इशारा बाहेरून मिळतो, म्हणून बोलणं सुटतं. जगभरच्या अडखळणाऱ्या लोकांमध्ये हा अनुभव सारखा आहे. तेव्हा आरती म्हणता येणं हा मुलाविरुद्धचा पुरावा नव्हे.

आईबापांवरच्या आरोपाला मात्र जुना इतिहास आहे, आणि त्याचं एक प्रकरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे मोठे अभ्यासक होते. ते स्वतः अडखळत. त्यांचं म्हणणं असं की लहान मुलाचं साधं अडखळणं आईबाप नको तेवढं मनावर घेतात, त्याला 'तोतरा' ठरवतात, टोकतात, आणि त्यामुळेच मूल तोतरं होतं. हे तपासायला १९३९ मध्ये त्यांच्या विद्यार्थिनीने, मेरी ट्यूडर यांनी, डेव्हनपोर्ट गावच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातली काही मुलं नीट बोलणारी होती. त्यांना सांगण्यात आलं की तुमच्या बोलण्यात दोष आहे, तुम्ही अडखळायला लागला आहात, थांबवा हे, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका.

मुलं तोतरी झाली नाहीत. पुढे या नोंदी पुन्हा तपासणाऱ्यांनाही तसा पुरावा मिळाला नाही. पण मुलं गप्प झाली. वर्गात हात वर करेनात, बोलताना तोंडावर हात ठेवू लागली, एका शब्दात उत्तरं देऊ लागली. प्रयोगाचा प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. २००१ साली एका वृत्तपत्राने तो उजेडात आणला, तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने हयात असलेल्यांना आणि मृतांच्या वारसांना मिळून ९,२५,००० डॉलर भरपाई मान्य केली. जॉन्सन यांच्या सिद्धांतामुळे दोन-तीन पिढ्यांच्या आईबापांना, विशेषतः आयांना, अपराधी वाटत राहिलं. आणि या क्रूर प्रयोगातून दिसलं ते त्यांच्या सिद्धांताच्या उलटच: टोकण्याने मूल तोतरं होत नाही. टोकण्याने ते बोलायचं टाळतं.

घराने नेमकं काय सांभाळायचं, ते यात आलं. शब्द अडकणं बरंचसं आपल्या हातात नसतं. अडकण्याची लाज आणि भीती मात्र शिकवलेली असते, आणि ती बहुतेक वेळा प्रेमानेच शिकवली जाते. रात्रीच्या जेवणाच्या पानावरचा एक प्रसंग घेऊ. समजा, मुलाचं नाव सोहम आणि वय चार.

"ब-ब-ब-बाबा, आज ना बाईंनी..."

"हळू बोल रे," आजी म्हणते.

"आधी श्वास घे. विचार कर, मग बोल," बाबा म्हणतात.

"बाईंनी काय केलं? गोष्ट सांगितली?" आई त्याची सुटका करायला बघते.

"...काही नाही."

तिघा मोठ्यांपैकी एकाच्याही मनात वाईट काही नाही. पण सोहमला काय ऐकू आलं ते बघा. आजीने सांगितलं, तुझं बोलणं चुकतंय. बाबांनी सांगितलं, तू विचार न करता बोलतोस. खरं तर विचार तयारच होता. शिवाय 'श्वास घे' म्हटल्यावर मूल छाती भरून हवा घेतं आणि ती घशात दाबून धरतं, त्याने अडकणं आणखी घट्ट होतं. आईने त्याचं वाक्य पुरं केलं, तेही चुकीचं, आणि त्याला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. आता तेच पान दुसऱ्या तऱ्हेने.

"ब-ब-ब-बाबा, आज ना बाईंनी ग-ग-गोगलगाय आणली होती."

बाबा हातातला घास खाली ठेवतात. क्षणभर थांबून, सावकाश: "गोगलगाय. वर्गात."

"हो! बाटलीत. आणि हात ल-लावला की ती शिंगं आत घेते."

"मी लहानपणी फार बघितल्या. पावसात. भिंतीवर."

दुसऱ्या प्रसंगातही सोहम अडखळलाच. फरक एवढाच की गोगलगाय सगळ्यांपर्यंत पोचली. बाबांनी त्याच्या वागण्यावर काही न बोलता स्वतःच्या बोलण्यात तीन बदल केले. उत्तर देण्याआधी एक श्वासभर थांबले, त्यामुळे संभाषणातली घाई कमी झाली. स्वतः सावकाश, छोट्या वाक्यांत बोलले. लहान मूल समोरच्याचा वेग उचलतं, त्याला 'हळू' असा हुकूम द्यावा लागत नाही. आणि प्रश्न विचारायच्या ऐवजी आपल्याकडचं काहीतरी सांगितलं. प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं, आणि तेही लगेच. नुसतं विधान आलं तर मूल वाटलं तर बोलतं, नाही तर जेवतं. मराठी घरांत मुलांशी बोलणं म्हणजे बहुतेक वेळा उलटतपासणी असते: डबा संपवला का, बाईंनी काय शिकवलं, रडलास का, कोणी मारलं का. ती जरा कमी झाली तर न अडखळणाऱ्या मुलांचंही भलं होईल.

दिवसभर असं कोणालाच जमत नाही, आणि तशी गरजही नाही. लंडनच्या मायकल पेलिन केंद्रात, जे १९९३ पासून अडखळणाऱ्या मुलांसाठी काम करतंय, आईबापांना आठवड्यातून काही वेळा फक्त पाच मिनिटं राखून ठेवायला सांगतात. त्या पाच मिनिटांत मोबाइल बाजूला, खेळ मुलाच्या मर्जीचा, आणि मोठ्या माणसाने त्याच्या मागून जायचं. शिकवायचं नाही, तपासायचं नाही. घर दोन खोल्यांचं असलं आणि आजी-आजोबा, काका-काकू सगळे असले तरी पाच मिनिटं निघतात. गच्चीत, जिन्यात, भाजी निवडताना.

भावंडांचा गोंधळ हा मात्र खरा प्रश्न. तीन मुलं एकाच वेळी बोलत असली की अडखळणारं मूल मागे पडतं, कारण त्याला तोंड उघडायला जागाच मिळत नाही. 'आता ताईचं होऊ दे, मग तुझं' हा नियम सगळ्यांना सारखा लावावा, एकट्या त्याच्यासाठी नव्हे. त्यालाही ताईला मध्ये तोडायची परवानगी नाही.

पाहुणे आले की होणारी परीक्षा वेगळीच. "नाव काय बाळा तुझं?" "काकांना कविता म्हणून दाखव." अडखळणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव सांगणं सगळ्यात अवघड जातं, कारण दुसरा कुठलाही शब्द बदलता येतो, नाव बदलता येत नाही. कवितेचा आग्रह टाळावा. वडीलधाऱ्यांना आधीच कानावर घालून ठेवावं: "आई, तो अडकला तरी नुसतं त्याच्याकडे बघत राहा, शब्द सुचवू नका." बऱ्याच आज्यांना हे दोनदा सांगावं लागतं. तिसऱ्यांदा त्याच शेजारणीला सांगताना दिसतात.

मुलाने स्वतःच विचारलं, "माझं असं का होतं?", तर विषय बदलू नये. चार वर्षांच्या मुलालाही आपलं काहीतरी वेगळं आहे हे कळतं. घरातलं कोणीच त्याबद्दल बोलत नाही, म्हणजे ते फार वाईट असणार, असा त्याचा हिशोब असतो. "हो, कधी कधी शब्द अडकतो. बऱ्याच जणांचा अडकतो. तू सांग, मी ऐकतेय" एवढं पुरतं.

उपायांचं म्हणाल तर आपल्याकडे ते पुष्कळ. वेखंड उगाळून मधात चाटवणं, तोंडात खडे धरून बोलायला लावणं, जिभेखालची शीर कापून घेणं. खड्यांचा उपाय तर डेमॉस्थेनिस या ग्रीक वक्त्याच्या नावावर दोन हजार वर्षं चालत आलाय. जीभ खरोखर खाली बांधलेली असेल तर ती सोडवून दूध पिण्याचा किंवा काही उच्चारांचा प्रश्न सुटू शकतो. अडखळण्याशी तिचा संबंध नाही. तरीही 'आमच्या भाच्याला वेखंडाने गुण आला' असं सांगणारे खोटं बोलत नसतात. तोतरेपणा लाटांसारखा येतो. एखादा महिना अगदी स्वच्छ जातो, पुढचे तीन आठवडे प्रत्येक वाक्याला शब्द अडकतो. आईबाप उपाय शोधतात ते वाईट आठवड्यात, त्यानंतर चांगला आठवडा येणारच असतो, आणि श्रेय वेखंडाला मिळतं. त्यात बहुतेक मुलं आपोआप सुधारणारी. या हिशोबात कुठलाही उपाय यशस्वी ठरतो. 'दहा दिवसांत हमखास' अशा जाहिराती याच हिशोबावर, आणि तालावर बोलायला लावलं की अडखळणं तात्पुरतं थांबतं या गोष्टीवर चालतात. मूल वर्गातून बाहेर पडून रिक्षावाल्याशी बोलायला लागलं की ताल विसरतो. गोळीचं विचाराल तर तोतरेपणासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध आजमितीला नाही.

मग थांबायचं की दाखवायचं? इथे माझं मत स्पष्ट आहे: दाखवायचं. बहुतेक मुलं आपोआप सुधारतात हे खरं, पण आपलं मूल त्यातलं की उरलेल्यांतलं, हे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही. काही खुणा धोका वाढवतात. घरात मोठेपणीही अडखळणारं कोणी असणं, मुलगा असणं, साडेतीन वर्षांनंतर सुरुवात होणं, सहा महिने ते वर्ष उलटूनही कमी न होणं, सोबत भाषेची किंवा उच्चारांची दुसरी अडचण असणं. यातलं काही असेल किंवा मूल बोलायचं टाळायला लागलं असेल, तर वाट बघू नये. स्पीच थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती आहे का हे बेधडक विचारावं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, नायर रुग्णालय, म्हैसूरची वाक् आणि श्रवण संस्था इथे या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या बालकांच्या लवकर निदान केंद्रातही चौकशी करता येते. दूर राहणाऱ्यांसाठी आता व्हिडिओवरूनही उपचार होतात.

शाळेआधीच्या वयात थेरपिस्ट मुलापेक्षा आईबापांशीच जास्त काम करतो, याचं अनेकांना नवल वाटतं. दोन मुख्य वाटा आहेत. सिडनीच्या लिडकम उपनगराचं नाव असलेल्या पद्धतीत आई किंवा बाबा रोज थोडा वेळ मुलाशी ठरवून गप्पा मारतात, न अडखळता आलेल्या बोलण्याचं मधूनमधून सहज कौतुक करतात, अडखळलेलं बरंचसं सोडून देतात, आणि रोज रात्री त्या दिवसाला ० ते ९ मध्ये एक आकडा देतात. आठवड्याला थेरपिस्ट तो तक्ता बघून पुढचं ठरवतो. दुसऱ्या वाटेत मुलाच्या बोलण्याला हातच लावत नाहीत. घरातली घाई, प्रश्न, लांबलचक वाक्यं कमी करतात, म्हणजे वर सांगितलेल्या जेवणाच्या पानासारखं. नेदरलँड्समध्ये १९९ मुलांवर या दोन्हींची तुलना झाली, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. दीड वर्षाने दोन्ही गटांतली साधारण तीन चतुर्थांश मुलं अडखळत नव्हती. उपचार न घेणारा गट त्यात नव्हता, तेव्हा किती जण आपोआप सुधारले असते ते त्यातून कळत नाही. पण आपल्या घराला जी वाट झेपेल ती धरायला हरकत नाही, एवढं नक्की कळतं. लिडकमचं कौतुक मात्र वाचून, ऐकून स्वतःच सुरू करू नये. दर वाक्याला 'शाब्बास, नाही अडकलं' सुरू झालं की तेही टोकणंच होतं.

इंग्रजी माध्यमात घातल्यामुळे झालं, म्हणून घरातली मराठी बंद करा, असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. दोन भाषांमुळे तोतरेपणा होत नाही. मराठी बंद करून आजीशी बोलणं मात्र बंद होतं. मूल ज्या भाषेत सहज बोलतं ती त्याच्याकडून काढून घेऊ नका.

सात-आठ वर्षांनंतर चित्र बदलतं. इथवर टिकलेलं अडखळणं पूर्ण जाण्याची शक्यता कमी होते, आणि उपचाराचं उद्दिष्टही बदलतं. मिशिगनचे चार्ल्स व्हॅन रायपर, जे स्वतः अडखळत, त्यांनी मांडलेली पद्धत अजून वापरतात. अडकायचं टाळायचं नाही, सोपं अडकायचं. शब्द अडकला तर तो पुरा होऊ द्यायचा, क्षणभर थांबायचं, आणि तोच शब्द पुन्हा सैल ओठांनी म्हणायचा. ते जमलं की अडकलेलं असतानाच दाब सैल करत बाहेर यायचं. मुलाला यातून कळतं की अडकणं म्हणजे अपघात नव्हे, त्यात असतानाही काहीतरी करता येतं.

या वयात खरी काळजी अडखळणाऱ्या मुलापेक्षा न अडखळणाऱ्याची करावी. म्हणजे असं: मुलगा भाजीवाल्याकडे पेरू आणायला गेला, 'पे' अडकणार हे त्याला दोन पावलं आधीच जाणवलं, आणि तो चिकू घेऊन आला. घरी म्हणाला, पेरू नव्हते. वर्गात धडा एकेक परिच्छेद वाचायला लावला की तो बाकं मोजतो, आपला परिच्छेद शोधतो, आणि बरोबर त्या वेळी त्याला बाहेर जायचं असतं. उत्तर येत असून 'माहीत नाही' म्हणतो. बाईंना वाटतं, अभ्यास करत नाही. आईला वाटतं, आता बरंच सुधारलंय. अशा मुलाचं बोलणं स्वच्छ असतं आणि जग लहान होत जातं.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांना भेटावं, आणि काय हवं ते नेमकं सांगावं. हजेरीला हात वर केला तरी चालेल. वाचनाला तो वाचेल, पण क्रमाने पाळी यायची वाट बघायला लावू नका, लवकर बोलवा किंवा जोडीने वाचायला द्या. तोंडी परीक्षेत घड्याळ लावू नका. तो अडकला की वाक्य पुरं करू नका. आणि बोलण्यातून सूट देऊ नका. काही शिक्षक दयेपोटी अशा मुलाला वर्षभर काहीच विचारत नाहीत, आणि त्याला ते हवंहवंसं वाटतं, म्हणूनच ते घातक.

चिडवणं होतंच. हिंदी सिनेमाने त्यासाठी भरपूर माल पुरवलाय. १९९३ च्या 'डर'मध्ये नायिकेचं नाव अडखळत घेणारा माथेफिरू झाला, २०१० च्या 'गोलमाल ३'मध्ये अडखळणाऱ्या लक्ष्मणावर हशा झाला. 'दुर्लक्ष कर' हा सल्ला मुलाला निरुपयोगी असतो. त्यापेक्षा घरी एक वाक्य तयार करून, अडखळत का होईना, म्हणायची सवय करावी: "हो, मी अडखळतो. थांब, सांगतो." हे आधीच बोलून टाकलं की लपवण्यावर खर्च होणारी ताकद वाचते, आणि चिडवणाऱ्याला पुढे काय बोलावं ते सुचत नाही. मारहाण किंवा रोजचा छळ असेल तर मात्र हा मुलाचा नव्हे, शाळेचा प्रश्न आहे, आणि तो लेखी द्यावा.

किशोरवयात मुलं थेरपीला कंटाळतात, आणि आईबापांचं ऐकतील ही अपेक्षाही नको. त्या वयात उपयोग होतो तो आपल्यासारख्यांचा. २००८ पासून काम करणाऱ्या द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वमदत गट मुंबई-पुण्यात आणि ऑनलाइनही जमतात. तिथे नोकरी करणारी, वाद घालणारी, फोनवर भांडणारी मोठी माणसं मनसोक्त अडखळताना दिसतात. पंधरा वर्षांच्या मुलाने असं काही आयुष्यात पाहिलेलं नसतं.

घरच्यांचं काम या वयात मुख्यतः हात आखडता घेण्याचं. गॅस सिलिंडरचा फोन त्याला करू द्या, तो 'हॅलो'वर अडकला आणि पलीकडच्याने फोन ठेवला तर पुन्हा लावू द्या. तिकीट खिडकीवर मागे रांग असली तरी त्यालाच स्टेशनचं नाव सांगू द्या. हॉटेलात वेटर आला की मेन्यूत डोकं घाला. मिसळ सांगायला त्याला अर्धं मिनिट लागेल. वेटर तुमच्याकडे बघेल, आणि तुम्ही मान वर करायची नाही.